बोलेरो पिकअपला फ्री फ्लो सायलेन्सर टाकला तर ताकद वाढते का? आवाज दमदार हवाय, कुठला टाकू?

तुमचा प्रश्न वाचला आणि आमचा दादाच आठवला, माझा चुलतभाऊ. २०१९ च्या शिमग्याला घरी जमलो होतो तेव्हा तो मला हेच फ्री फ्लोचं, म्हणजे धुराला अडवणारं काही न ठेवण्याचं, सांगत होता, सायलेन्सर काढून टाक, डायरेक्ट पाईप बसव, घाटात गाडी थांबायचं नाव घेणार नाही.

माझी २०१७ ची बीएस-४ (धुराच्या आधीच्या नियमांची) गाडी, रत्नागिरीहून वाशी मार्केटला आंबा नेतो. दादाने आधीच काम करून घेतलं होतं, त्याच्या गाडीचा आवाज ऐकून मलाही भारी वाटलं, खोटं कशाला बोलू. गॅरेजवाल्याने सायलेन्सर कापला, सरळ पाईप वेल्ड केला आणि तो हौद्याखाली मागच्या चाकाच्या आधीच संपवला. अडीच हजार रुपये घेतले.

पहिली ट्रिप, सत्तर पेट्या, शेजारी बाबा. हातखंब्याला हायवेला लागेपर्यंत मजा वाटली, पण नंतर पन्नास-साठचा एकसारखा स्पीड धरला की केबिनमध्ये असा घूंऽऽ आवाज भरायचा की छातीत हादरे बसायचे. बाबा एरवी संगमेश्वर यायच्या आत झोपतात, त्या रात्री डोळे उघडे ठेवून समोर बघत बसले होते. कशेडी घाटात सेकंड गियर, गाडी रांगतेय, खिडक्या उघड्या, आणि खालचा सगळा धूर आत. महाडला चहाला थांबलो तर बाबा खाली उतरले आणि रस्त्याच्या कडेला ओकले. तोंड धुऊन आले आणि म्हणाले, "हे कोणासाठी केलंस?" बस, एवढंच बोलले.

पहाटे वाशीला दलालाने पेटी उघडली, पेंढा हातात घेऊन वास घेतला आणि दर पाडला. पेंढ्याला डिझेलच्या धुराचा वास लागला होता. हे का होतं ते मला नंतर कळलं, गाडी पळताना तिच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि धूर तिकडेच खेचला जातो, ताडपत्रीच्या आत शिरतो. म्हणून कंपनी पाईप बॉडीच्या बाहेरपर्यंत नेते, उगाच लांब ठेवत नाही. पंधरा दिवसांत मी कंपनीचा सायलेन्सर परत बसवला पण बाबा त्या सीझनला पुन्हा गाडीत बसले नाहीत. वाशीला यायचं तर एसटीने यायचे.

आता तुमचं ताकदीचं. डिझेल इंजिनाची ताकद ठरते ती आत किती डिझेल जातं त्यावर, आणि ते ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठरवतो. तुम्ही मागचा पाईप कितीही मोकळा करा, डिझेल तेवढंच जाणार. टर्बो, म्हणजे इंजिनात हवा ढकलणारा पंखा, किंचित लवकर फिरायला लागेल, ते लोड भरलेल्या गाडीत जाणवत पण नाही. आवाज वाढला की गाडी जोरात पळतेय असं वाटतं, दादाचं तेच झालंय आणि तो अजून मानत नाही. मी टाकी फुल ते टाकी फुल मोजलंय, सारखाच लोड, सारखाच रस्ता. आधी लिटरला १३, नंतरही १३. परशुराम घाट ज्या गियरमध्ये चढायची त्याच गियरमध्ये चढली.

कुठला टाकायचा म्हणाल तर जुना सडला असेल तरच बदला. कोकणात सायलेन्सर आतून सडतो, गावातल्या गावात फिरलं की पाईप नीट तापत नाही आणि आतलं पाणी तसंच राहतं. कंपनीचाच घ्या, नाहीतर स्टेनलेसचा बनवून घ्या, ४०९ ग्रेड पुरतो, समुद्राजवळ राहत असाल तर ३०४ घ्या, महाग पडतो पण टिकतो. आवाज थोडा जाड हवाच असेल तर जाळीचा पाईप आणि भोवती ग्लासवूल असतो तो प्रकार बघा, निदान कान फोडत नाही. पण डिझेलच्या काजळीने ती वूल हळूहळू भरते आणि वेगळा आवाज यायला लागतो. काहीही बसवा, पाईप लटकतो त्या हँगरचे रबर आणि जोडातलं गॅस्केट नवीन टाका आणि पाईप बॉडीच्या बाहेर काढा.

हे आधीच सांगायला हवं होतं, तुमची गाडी एप्रिल २०२० नंतरची म्हणजे बीएस-६ असेल तर डीपीएफला, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरला, अजिबात हात लावू नका. त्याच्या सेन्सरला गडबड कळते, दिवा लागतो आणि इंजिन ताकद कमी करून टाकतं, म्हणजे तुम्हाला हवं त्याच्या बरोबर उलटं. शिवाय ट्रान्सपोर्टची गाडी, आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी पासिंग, म्हणजे फिटनेस तपासणी, पुढे दरवर्षी. आवाजासाठी मोटार वाहन कायद्याचं कलम १९०(२) लागतं, १० हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, वर लायसन्स तीन महिने जातं. ज्याचं पोट लायसन्सवर आहे त्याने हा हिशोब आधी करावा. मोठ्या पेट्रोल इंजिनाच्या पिकअप असतात, अमेरिकेत वगैरे, त्यांना मागचा भाग बदलून थोडा फरक पडतो, पण तुमच्या माझ्या गाडीला ते लावू नका.

दादा अजून प्रत्येक शिमग्याला म्हणतो की मी सायलेन्सर परत बसवला म्हणून माझी गाडी मरगळली. डिझेलची वही मी जपून ठेवलीय, तारखा आणि किलोमीटर सगळे लिहिलेत, त्याने कधीही घरी येऊन बघावी.