आईवर प्रयोग करणार आहेत का?

"मॅडम, एकच सांगा. आमच्या आईवर प्रयोग करणार आहेत का?"

कर्करोग विभागाच्या समुपदेशन कक्षात हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. कधी आईच्या जागी वडील असतात, कधी बायको. विचारणारा बहुधा घरातला शिकलेला माणूस असतो आणि ज्याच्याबद्दल तो विचारतो ते माणूस बाहेर बाकावर बसलेलं असतं. डॉक्टरांनी "एक ट्रायल, म्हणजे नव्या औषधाची चाचणी, सुरू आहे, तुम्ही तिच्यात बसता, वाचून ठरवा" असं सांगून माहितीपत्रकाची गड्डी हातात दिलेली असते. घरी गेल्यावर त्या गड्डीतला एकच शब्द उरतो, प्रयोग.

पुढची हकिगत अशा अनेक कुटुंबांची मिळून आहे, नावं-गावं बदललेली आहेत.

नितीन ३४ वर्षांचा, पुण्यात नोकरी करणारा. आई सुमनताई ५८ वर्षांच्या, कोरेगाव तालुक्यातल्या. स्तनाच्या गाठीची शस्त्रक्रिया झालेली, केमो सुरू व्हायची होती. ट्रायल तिसऱ्या टप्प्याची, म्हणजे औषध बाजारात येण्याआधी बऱ्याच रुग्णांवर होणारी. नेहमीची केमो सगळ्यांना मिळणार, जोडीला निम्म्या बायकांना नवी गोळी आणि निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी, म्हणजे प्लॅसिबो.

"म्हणजे आईला खोटी गोळी देऊन नुसतं बघत बसणार."

"केमो कोणाला मिळणार, असं लिहिलंय?"

त्याने पान उलटलं. "दोन्ही गटांना."

सगळ्यात जास्त गैरसमज इथे होतो. प्लॅसिबो म्हणजे उपचार बंद, असं लोक धरून चालतात. ज्या आजारावर चांगला उपचार उपलब्ध आहे, तिथे तो काढून घेऊन नुसती प्लॅसिबो देणं नैतिकता समितीने, म्हणजे चाचणीला मंजुरी देणाऱ्या समितीने, मान्य करायचं नसतं. तरीही गृहीत धरू नका. "प्लॅसिबोच्या गटात गेलो तर मला नेमकं काय मिळेल?" हा प्रश्न तोंडाने विचारा आणि उत्तर माहितीपत्रकात कुठल्या पानावर आहे तेही दाखवायला सांगा. कोण कुठल्या गटात हे संगणक ठरवतो, चिठ्ठी टाकल्यासारखं. डॉक्टरांच्या हातात ते नसतं, कारण हातात असतं तर धडधाकट रुग्ण नव्या गोळीकडे ढकलले गेले असते आणि निकालाला अर्थच राहिला नसता. जिवावर बेतलं तर कोणती गोळी चालू होती हे तातडीने उघड करण्याची सोयही असावी लागते. तीही विचारून घ्या.

नितीनची भीती हवेतून आलेली नव्हती. आपल्या देशात गरीब, अशिक्षित माणसांना नीट न सांगता चाचण्यांत घेतल्याच्या तक्रारी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या आणि २०१३ मध्ये न्यायालयाने सरकारला देखरेखीबद्दल खडसावलं. आज २०१९ चे नवीन औषधे आणि चिकित्सालयीन चाचणी नियम लागू आहेत. मी हे नियम भिंतीवर लावायला सांगत नाही, वापरायला सांगते. प्रत्येक औषध-चाचणीची नोंद पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत व्हावी लागते. त्यातला क्रमांक मागून घ्या आणि संकेतस्थळावर घालून बघा. पैसा कोणाचा, किती रुग्ण घेणार, कुठल्या रुग्णालयांत, सगळं दिसतं. नैतिकता समितीत किमान सात सदस्य असतात, त्यांतले निदान निम्मे त्या संस्थेबाहेरचे, आणि त्यात कायद्याचा एक जाणकार व एक सामान्य नागरिक असावाच लागतो. समितीचा फोन नंबर माहितीपत्रकात असतो. डॉक्टरांविषयीच तक्रार असेल तर तिथे करायची.

ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार मोफत. ट्रायलमुळेच मृत्यू झाला तर भरपाईचं सूत्र नियमात छापलेलं आहे. मूळ रक्कम ८ लाख, तिला वय आणि आजाराची गंभीरता यांचे गुणक लागतात. गंभीर दुष्परिणाम घडला तर २४ तासांत संशोधकाने, म्हणजे ट्रायल चालवणाऱ्या डॉक्टरांनी, कळवायचं असतं. पण तुम्ही घरी ताप अंगावर काढलात तर त्यांना कळणार कसं? म्हणून ट्रायलचं रोजचं काम बघणाऱ्या को-ऑर्डिनेटरचा नंबर फक्त मुलाच्या मोबाईलमध्ये नको, रुग्णाच्या उशाशी कागदावर हवा.

आठवड्याने नितीन पुन्हा आला, अगदी वेगळा.

"मॅडम, घालूनच टाकू आईला. नवीन औषध आहे, फुकट आहे, तपासण्याही जास्त होतील. सोडायचं कशाला?"

ही आशा मला भीतीपेक्षा जास्त काळजीत टाकते. घाबरलेला माणूस प्रश्न तरी विचारतो.

"नवी गोळी चांगलीच आहे हे ठरलेलं असतं तर ती निम्म्या बायकांना न देणं कोणी चालवून घेतलं असतं?"

तो गप्प.

"ठरलेलं नाही म्हणून तर चाचणी. गोळीने फायदा होईल, काहीच होणार नाही, किंवा त्रासच वाढेल. तिन्ही शक्य आहेत."

"मग मी कशाच्या जोरावर ठरवू? मला खात्री पाहिजे."

हे वाक्य आलं आणि गाठ कुठे आहे ते दिसलं. गेल्या आठवड्यात 'नको'चा हट्ट होता, या आठवड्यात 'हवंच'चा. खाली मागणी एकच, आईच्या बाबतीत खात्री मिळालीच पाहिजे. खात्री असावी असं वाटणं अगदी रास्त आहे. त्या वाटण्याची अट झाली की माणूस एकतर पळतो किंवा उडी मारतो.

"केमोची खात्री दिलीय कोणी?"

"नाही. शक्यता सांगितली."

"ऑपरेशनच्या वेळी?"

"तेव्हाही नाही."

"तरी दोन्हींना हो म्हणालात."

तो बराच वेळ टेबलाच्या कडेवर बोट फिरवत राहिला. मी मध्ये बोलले नाही. अशा वेळी शहाणपणाचं वाक्य पुरवण्याचा मोह आवरावा लागतो, तेवढं या कामाने शिकवलंय. शेवटी तो म्हणाला, "म्हणजे खात्री नसतानाच ठरवत आलोय आम्ही." आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. मग तो सहज म्हणाला, "आजोबांना टीबी होता. घरीच गोळ्या खाऊन बरे झाले."

क्षयाचा रुग्ण घरी ठेवून बरा होतो, हेही एकेकाळी कोणाला खात्रीने माहीत नव्हतं. १९५६ मध्ये मद्रासला १९३ रुग्णांवर अभ्यास सुरू झाला. चिठ्ठी टाकावी तसं निम्म्यांना सॅनेटोरियममध्ये, म्हणजे क्षयाच्या खास रुग्णालयात ठेवलं, निम्म्यांना घरी राहून औषधं दिली. घरी राहिलेलेही जवळजवळ तितकेच बरे झाले आणि त्यांच्या घरच्यांना लागण वाढल्याचंही दिसलं नाही. आज गावोगावी घरीच उपचार होतात त्यामागे ते १९३ जण आहेत. हे मी नितीनला सांगितलं, पण लगेच पुढेही जोडलं: त्यांनी भाग घेतला म्हणून तुमच्या आईवर कसलंही ऋण येत नाही.

मग विचारलं, "आई काय म्हणतात?"

"तिला काय कळणार त्यातलं. आम्ही म्हणू तसं."

पुढच्या वेळी सुमनताई आत आल्या. रेशनकार्डाच्या प्लॅस्टिक पिशवीत त्यांनी माहितीपत्रक घडी घालून आणलं होतं, कडेला हळदीच्या बोटांचे डाग. एका पानाचा कोपरा दुमडलेला. नातीकडून रोज थोडं थोडं वाचून घेतलं म्हणाल्या. ते पान काढून एका ओळीवर बोट ठेवलं: 'सहभागी न झाल्यास किंवा मध्येच बाहेर पडल्यास आपल्या नेहमीच्या उपचारांवर परिणाम होणार नाही.'

"हे खरं का हो ताई? का नुसतं छापायचं म्हणून?"

नितीन आईकडे बघतच राहिला. प्रयोग, कंपनी, खोटी गोळी, यातलं काहीही त्यांच्या मनात नव्हतं. ज्या डॉक्टरांनी गाठ काढली, त्यांना नाही म्हटलं तर ते आपल्याला टाकतील का, एवढंच होतं. आधीच्या दोन भेटींत हे विचारायला त्यांना कोणी जागाच दिली नव्हती, मीसुद्धा नाही. त्यांना पहिल्याच दिवशी आत बोलवायला हवं होतं. आता मी बाकावरच्या माणसाला आधी बोलावते.

"खरं आहे, मावशी. पण माझ्या तोंडून नको, डॉक्टरांच्या तोंडून ऐका." त्या दिवशी डॉक्टर पाच मिनिटं येऊन बसले आणि त्यांनी तेच सांगितलं. रुग्णाला शंका असेल तर हे मुद्दाम घडवून आणावं. छापील ओळीपेक्षा समोरच्या माणसाचा चेहरा रुग्ण पटकन वाचतो.

संमतीबद्दल काही गोष्टी पक्क्या धरा. माहितीपत्रक मराठीत मिळालंच पाहिजे. इंग्रजी पुढे करून कोणी 'इथे सही' म्हणालं तर उठा. सलाईन चालू असताना, किंवा ऑपरेशनला नेण्याच्या गडबडीत सही करू नका, घरी न्यायला वेळ मागा. ट्रायलसाठीचं रक्त, स्कॅन, काहीही सहीच्या आधी होत नाही. सही आणि तारीख रुग्णाने स्वतःच्या हाताने घालायची. लिहिता-वाचता येत नसेल तर अंगठा, आणि सगळा वेळ हजर असलेला, ट्रायलशी संबंध नसलेला साक्षीदार. सही झालेली एक प्रत तुमची. जाण्या-येण्याचा खर्च कसा, किती दिवसांत मिळणार ते लिहिलेलं असतं, पण मोठ्या रकमेचं आमिष कोणी दाखवत असेल तर समितीला फोन करा. चालू असलेली सगळी औषधं सांगा, आयुर्वेदिक काढेसुद्धा. रुग्ण काढ्याचं हमखास लपवतात, आणि गोळीशी त्याचं जमलं नाही तर त्रास त्यांनाच होतो. दिलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटं टाकून देऊ नका, ती मोजून परत घेतात.

सुमनताईंनी बोटांवर हिशोब केला. केमोच्या खेपा तर होत्याच, ट्रायलच्या जादा आठ. दर वेळी पहाटेची एसटी, संध्याकाळी परत, केमोनंतरच्या त्या अंगाने.

"आठ खेपा मला झेपायच्या नाहीत."

"आई, गाडीने नेईन मी."

"तू रजा किती टाकणार? नको."

नितीन माझ्याकडे वळला. एवढ्या साध्या कारणासाठी नाही म्हणायचं का, असं त्याला विचारायचं होतं. 'नाही'ला कारण लागतच नाही, आणि हे कारण साधं तर मुळीच नाही. दुसऱ्या कोणी हाच हिशोब करून 'हो' म्हटलं असतं तर तेही तितकंच पक्कं ठरलं असतं. दोन्ही तऱ्हेची माणसं या कक्षातून गेली आहेत आणि दोघांच्याही बाबतीत मला समाधान आहे.

त्यांनी स्वतः जाऊन को-ऑर्डिनेटरला गड्डी परत दिली. तिने ती घेतली, "बरं मावशी" म्हणाली आणि केमोच्या कार्डावर पहिली तारीख लिहून दिली, सोमवार, सकाळी साडेनऊ, उपाशी यायचं नाही.