अग्निरोधक, अग्निसह आणि आगीत धुतलेलं वस्त्र

प्रश्न असा आला आहे: ‘फायरप्रूफ, फायर रेझिस्टंट आणि फायर रिटार्डंट या तिन्हींना मराठीत अग्निरोधक म्हटलं तर चालेल का? आणि ॲस्बेस्टॉसचा मूळ अर्थ ‘न जळणारा’ असाच ना?’

दोन्हींचं उत्तर ‘नाही’.

पहिला भाग आधी उरकतो. ‘अग्निरोधक’ हा शब्द हल्ली दिसेल तिथे चिकटवला जातो. भिंतीवर टांगलेल्या लाल नळकांड्यालाही बातम्यांमध्ये सर्रास ‘अग्निरोधक यंत्र’ म्हणतात. अहो, ते लागलेली आग विझवतं, म्हणून ते अग्निशामक! शम् (शांत करणं) हा धातू वेगळा, रुध् (अडवणं) वेगळा. इतका साधा फरक रोज लिहिणाऱ्यांनी तरी पाळायला हवा.

बांधकामाच्या साहित्याबाबत तर हा घोळ घातक आहे. पोलाद जळत नाही, म्हणून ते अग्निरोधक म्हणायचं का? साधारण ५५० अंश सेल्सिअसला त्याची जवळपास निम्मी ताकद जाते, आणि प्रमाणित अग्निचाचणीत भट्टी पहिल्या अर्ध्या तासातच ८४० अंशांपर्यंत पोचते. उलट लाकडाची जाड तुळई पेटते खरी, पण तिच्या अंगावर कोळशाचा थर धरतो. तो थर मिनिटाला एक मिलिमीटरपेक्षाही कमी वेगाने आत सरकतो आणि आतलं शाबूत लाकूड भार पेलत राहतं. म्हणजे पोलाद अदाह्य आहे पण फारसं अग्निसह नाही. जाड लाकूड दाह्य असूनही बऱ्यापैकी अग्निसह आहे. ‘सह’ म्हणजे सोसणारं, आणि सोसण्याला मुदत असते: दरवाजा ६० मिनिटं अग्निसह, भिंत १२० मिनिटं. फायर रेझिस्टंटमध्ये नेमकं हेच अभिप्रेत आहे. ‘रोधक’ म्हटलं की ही मुदतच गायब होते आणि माणूस निर्धास्त होतो. भट्टीच्या विटांसाठी ‘उच्चतापसह’ हा उत्तम शब्द मराठीत असताना ज्या परिभाषाकारांनी इमारतींच्या माथी ‘रोधक’ मारला, त्यांनी कानाला बरं वाटलं ते घेतलं, अर्थ पाहिला नाही.

फायर रिटार्डंट म्हणजे ज्वालामंदक: पदार्थ उशिरा पेट घेतो आणि ज्वाळा सावकाश पसरते, एवढंच. तुरटी, टाकणखार आणि हिराकस वापरून कापडाला असं करण्याचं पेटंट इंग्लंडमध्ये १७३५ साली दिलं गेलं होतं. फायरप्रूफ हा शब्द जाहिरातीतला. त्याला प्रतिशब्द शोधूच नका.

आता ॲस्बेस्टॉस, म्हणजे आगीत न जळणारं तंतुमय खनिज. ‘न जळणारा’ हा अर्थ इतक्या ठिकाणी छापलेला आहे की लोकांना तो खरा वाटतो. ग्रीक ‘आस्बेस्तोस’ म्हणजे न विझणारा. अगदी उलट! ग्रीक लोक हा शब्द कळीच्या चुन्यासाठी वापरत, कारण तो पाण्याने अजून ‘विझवलेला’ नसे. आजच्या ग्रीकमध्येही चुन्याला ‘आस्वेस्तिस’च म्हणतात. या तंतुमय खनिजाला त्यांचा खरा शब्द होता ‘आमिआन्तोस’, म्हणजे न मळणारा. फ्रेंच, इटालियन आणि स्पॅनिश भाषांनी तोच जपला. इंग्रजीने चुन्याचं नाव उचललं आणि आपण ते इंग्रजीतून घेतलं.

‘न मळणारा’ का? कारण या तंतूंचं कापड मळलं की आगीत टाकायचं. मळ जळून जातो, कापड उजळून निघतं. पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनीने मेजवानीतले असे रुमाल चुलीच्या आगीत पेटलेले पाहिल्याचं लिहून ठेवलं आहे. चिनी भाषेतलं या कापडाचं जुनं नाव ‘हुओ-हुआन-बू’, म्हणजे शब्दशः आगीत धुतलेलं कापड. आणि आता देवीमाहात्म्याचा पाचवा अध्याय उघडा. चंड-मुंड हे सेवक असुरराज शुंभापुढे त्याच्या वैभवाची यादी वाचतात, त्यात अग्नीने त्याला काय दिलं? ‘अग्निशौचे च वाससी’. अग्निशौच वस्त्रांची जोडी!

‘अग्नीने पवित्र केलेली वस्त्रं’ असं मोघम भाषांतर करून पुढे सरकणाऱ्यांशी माझं भांडण आहे. शौच म्हणजे आधी स्वच्छता, मळ काढणं, पावित्र्य नंतर. यादीत ऐरावत आहे, पारिजात आहे, कधीही न कोमेजणाऱ्या कमळांची माळ आहे, सगळी दुर्मीळ रत्नं. त्यांच्या पंक्तीला नुसतं मंत्राने शुद्ध केलेलं धोतर-उपरणं कशाला बसेल? ते आगीत धुतलं जाणारं कापडच हवं, आणि ते देणारा देव अग्नीच हवा. ग्रीकांचा ‘न मळणारा’, चिन्यांचं ‘आगीत धुतलेलं’ आणि संस्कृतातलं ‘अग्निशौच’ ही तिन्ही नावं एकाच करामतीकडे बोट दाखवतात. व्यापारी वाटेवर कापडाबरोबर त्याची ख्यातीही फिरली असणार, असं माझं ठाम मत आहे.

मराठीत ‘शौच’ आता शौचालयापुरता उरल्याने हा समास आज कुणी वापरायला धजणार नाही. पण संस्कृतात या खनिजाच्या कापडासाठी वेगळा शब्द नव्हता असं कुणी म्हणालं, तर त्यांना पाचवा अध्याय दाखवा.