कामगारांच्या प्रशिक्षणाची आखणी वेगळी करून काही साध्य होते का?

बुटीबोरीतील आपल्या कारखान्यात नव्या कामगारांना दिवसभर स्लाइड दाखवल्या जातात, मग निराळी आखणी कशासाठी, असे आपण विचारले आहे. तिची गरज निश्चित आहे. उजळणी न झालेली माहिती पहिल्या काही तासांतच सर्वाधिक वेगाने विसरली जाते, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवले होते.

यंत्र दुरुस्तीपूर्वीची सुरक्षा घ्या. कामगाराने स्वतः मुख्य स्विच बंद करून त्याला कुलूप लावावे, किल्ली आपल्याजवळ ठेवावी, नावाचा टॅग अडकवावा आणि नंतर यंत्र सुरू करण्याचे बटण दाबून ते खरोखरच बंद असल्याची खात्री करावी. ही शेवटची पायरी स्लाइडवर वाचणारा सहज विसरू शकतो. प्रत्यक्ष यंत्रापुढे उभे राहून ती करणारा, आणि आठवड्याभराने कागद न पाहता पुन्हा करून दाखवणारा, सहसा विसरत नाही. माझ्या मते आखणीचा खरा कस इथेच लागतो.

हजेरीपटावरील सह्यांवरून मात्र कामगार काय शिकला हे कळत नाही. महिन्याभराने पर्यवेक्षकाने काम चालू असताना निरीक्षण करावे, आणि जी पायरी गळत असेल तेवढीच पुन्हा शिकवावी.