बतादची भातखाचरं दोन दिवसांत पाहून होतात का?

तुम्ही विचारलंय की फिलिपीन्समधल्या मनिलाहून दोन दिवसांत बानावेची डोंगरातली भातशेती पाहून परत येता येईल का, कुठल्या महिन्यात जावं, आणि साठी ओलांडलेल्या आईवडिलांना ती वाट झेपेल का.

दोन दिवसांत येता येईल, पण मी म्हणेन तीन रात्री काढा आणि त्यातली एक तरी बानावेजवळच्या बताद गावात राहा.

मनिलाहून रात्रीची बस नऊ-दहा तासांत सकाळी बानावेला सोडते. एसी इतका गार असतो की स्वेटर हाताशीच ठेवा, सामानात नको. उतरल्यावर ट्रायसिकलवाले व्ह्यूपॉइंटला नेतात आणि बरेच जण तिथूनच फोटो काढून मागे फिरतात. देखावा सुंदर आहे, वीस पेसोच्या कागदी नोटेवरही बानावेचीच खाचरं आहेत. पण १९९५ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून खाचरांचे जे पाच समूह निवडले ते बताद, बांगाआन, मायोयाओ, हुंगदुआन आणि नागाकादान. व्ह्यूपॉइंटसमोरची खाचरं त्यांत नाहीत. इतक्या लांब जाऊन तेवढंच पाहून परत येऊ नका.

बतादला गाडी गावापर्यंत जात नाही. रस्ता संपला की पायवाट, आणि एका वळणावर अख्खी दरी समोर उघडते. अर्धगोल डोंगर, त्यावर खालपासून वरपर्यंत खाचरं, आणि तळाशी मूठभर घरं. मी संगमेश्वरकडची, भाताच्या घरातली. चिखलणी-लावणी लहानपणापासून पाहिलेली, आमच्याकडेही डोंगरउतारावर मजग्या आहेत. तरी तिथे मी बराच वेळ नुसती उभी होते.

खरी गंमत बांधावरून चालताना कळते. बतादचे बांध दगडी आहेत, आमच्या गडग्यासारखे एकावर एक रचलेले, पण कित्येक ठिकाणी माणसाच्या उंचीहून उंच. वरच्या खाचरात चढायला भिंतीतूनच लांब दगड बाहेर काढलेत, त्यांवर पाय देत जायचं. बांधाचा माथा जेमतेम फूटभर, एका हाताला चिखल आणि दुसऱ्या हाताला सरळ खाली पुढचं खाचर. माझा गाइड मध्येच थांबला, वाकला, भिंतीतून पाणी झिरपत होतं तिथे मूठभर चिखल थापला आणि चालू लागला. खाचर त्याचं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाला, ही भिंत ढासळली की खालच्या सगळ्यांचं पाणी जातं.

पाणी येतं कुठून? प्रत्येक उताराच्या माथ्यावर लोकांनी राखलेलं खासगी रान असतं, त्याला ते 'मुयोंग' म्हणतात. रान पाणी धरून ठेवतं, ते पाटाने वरच्या खाचरात येतं आणि एकातून दुसऱ्यात उतरत जातं. रान तुटलं तर शेती संपली, इतका साधा हिशोब.

आणखी एका गोष्टीने मला हलवलं. आमच्याकडे भावाभावांत वाटण्या होत होत खाचराचे तुकडे पडतात. इथल्या इफुगाव लोकांत मूळ भातजमीन थोरल्या अपत्याकडे जाते, मग तो मुलगा असो की मुलगी. जमीन एकसंध राहते, पण धाकट्यांना गाव सोडून पोट भरावं लागतं. बांध दुरुस्त करणारे हात कमी झाले, खाचरं पडीक पडू लागली, आणि २००१ साली हा वारसा धोक्यातल्या यादीत गेला. २०१२ला तो त्यातून बाहेर आला. रोपांच्या बुंध्याशी गुलाबी अंड्यांचे घोस दिसतील. ती बाहेरून आणलेल्या सोनेरी गोगलगायींची, त्या कोवळी रोपं फस्त करतात.

'दोन हजार वर्षं जुनी' हे तुम्ही सगळीकडे वाचाल. मीही तेच मानून गेले होते. पण पुरातत्त्वज्ञ स्टीफन अकाबादो यांच्या उत्खननांतून वेगळं चित्र दिसतं. स्पॅनिश लोक आल्यावर माणसं डोंगरात वर सरकली आणि पाण्यातली भातशेती साधारण चारशे वर्षांपूर्वी इथे फोफावली, त्याआधी मुख्यतः अळूसारखे कंद पिकत. मला ही दुसरी हकीकत जास्त मोठी वाटते. एवढा डोंगर लोकांनी थोड्याच पिढ्यांत रचला, तोही परकी सत्ता अंगावर आलेली असताना.

आता महिने. पारंपरिक वाण 'तिनावन', वर्षातून एकदाच येणारं. खाचरं पाण्याने भरलेली आणि लावणी पाहायची असेल तर जानेवारी-फेब्रुवारी. हिरवंगार हवं तर एप्रिल-मे. जून-जुलैत पिवळं होऊन कापणी. बायका लहान सुरीने एकेक लोंबी खुडून पेंढ्या बांधतात, आपल्यासारखी विळ्याने मुठीमुठीची कापणी नाही. कापणीला 'हुदहुद' ही त्यांची दीर्घ कथागीतं गायची रीत आहे. मला ती ऐकायला मिळाली नाहीत, ती हळहळ अजून आहे. जुलैनंतर वादळं आणि दरडी, तेव्हा शक्यतो टाळा.

आईवडिलांबद्दल स्पष्ट सांगते. गुडघे दुखत असतील तर त्यांना बतादला नेऊ नका, परतीच्या पायऱ्या जीव काढतात. त्यांना बानावेत राहू द्या आणि गाडीने बांगाआनला न्या. रस्त्यावरूनच खाचरांच्या मधोमध वसलेलं गाव दिसतं. हुंगदुआनमधलं हापाओ गावही त्यांना आवडेल, बतादसारखी उभी चढण तिथे नाही.

रोख पैसे मनिलाहूनच न्या. शाकाहारी असाल तर भात, अंडी, भाज्या मिळतील, पण डुकराचं मांस सर्रास असतं, म्हणून आधी सांगा. भारतीय पासपोर्टवर जून २०२५ पासून पर्यटनाला १४ दिवस व्हिसा लागत नाही, तरी निघण्याआधी नियम बघा. आणि गाइड गावातलाच घ्या. बांधावर समोरून डोक्यावर ओझं घेतलेलं कोणी आलं, तर आधी तुम्ही बाजूच्या दगडावर उतरून त्यांना वाट द्या.