‘पास आउट’ : शुद्ध हरपणे की पदवी मिळवणे?

परदेशातील नोकरीच्या अर्जात ‘आय पास्ड आउट इन 2019’ असे लिहिल्यावर तिकडच्या परिचिताने ‘बेशुद्ध पडला होतास का?’ असे विचारले, तर हा प्रयोग चुकीचा मानावा का, असा प्रश्न एका वाचकाने केला आहे.

ब्रिटन-अमेरिकेत या क्रियापदाचा सर्वांत रूढ अर्थ शुद्ध हरपणे हाच आहे. ‘भोवळ येणे’ हा मात्र त्याचा नेमका प्रतिशब्द नव्हे, कारण भोवळ आलेला माणूस भिंतीचा आधार घेऊन सावरू शकतो, तर ‘पास आउट’ झालेल्याला भानच उरलेले नसते. ‘फेंट’चा अर्थही जवळपास हाच असला, तरी ‘ही पास्ड आउट ऑन द सोफा’ या वाक्यात बहुधा मद्यपान किंवा कमालीचा थकवा सूचित असतो, आणि तेथे ‘सोफ्यावर निपचित पडला’ हे भाषांतर मला अधिक जवळचे वाटते.

कागद, पत्रके वाटणे या सकर्मक अर्थानेही ते वापरले जाते. तेव्हा कर्म सर्वनाम असेल तर ते दोन शब्दांच्या मध्येच येते, म्हणजे ‘पास देम आउट’.

आपल्याकडील वापराशी जवळचे नाते आहे ते ब्रिटिश इंग्रजीतील लष्करी अर्थाचे : सैनिकी प्रशिक्षण पूर्ण करून संस्थेतून बाहेर पडणे. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतील ‘पासिंग आउट परेड’, म्हणजेच दीक्षान्त संचलन, याच अर्थाचे आहे. महाविद्यालयाबाबत भारतात रुळलेला प्रयोग हा त्याचाच विस्तार असावा असे मला वाटते, आणि मराठीत ‘पास होणे’ आधीपासून घरोघरी असल्याने ‘पासआउट झालो’ हे सहज तोंडी बसले.

म्हणून या प्रयोगाला अशुद्ध ठरवणे मला अन्यायाचे वाटते. भारतीय इंग्रजीत तो सर्वांना कळतो. मात्र भारताबाहेरच्या वाचकासाठी पदवीच्या संदर्भात ‘ग्रॅज्युएटेड इन 2019’ असेच लिहावे, आणि नोकरीच्या जाहिरातींत दिसणारे ‘2019 पासआउट’ हे नामरूप तर अशा अर्जात मुळीच वापरू नये, कारण संदर्भ नसेल तर तिकडच्या वाचकाला त्याचा अर्थच लागणार नाही.