वापरलेली, एकाच इंजिनाची पॉवर कॅटामरान (शेजारी-शेजारी दोन हल, म्हणजे पाण्यावर तरंगणारे लांबट तळ, असलेली मोटरबोट) घेताना काय तपासावे?

अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात बांधली जाणारी ॲस्पेन ही या प्रकारातील ठळक बोट असून, तिचा उजवा हल रुंद आणि डावा अरुंद असल्याने उजवीकडच्या एकाच डिझेल इंजिनावरही ती सरळ चालते. इंधन आणि देखभालीचा खर्च त्यामुळे वाचतो. मात्र भर समुद्रात ते इंजिन बंद पडले तर दुसरा आधार नसतो, म्हणून माझ्या मते सौदा इंजिनाच्या प्रकृतीवरच ठरवावा. ते थंड असतानाच सुरू करून पाहावे (मालकाने आधीच तापवून ठेवले असेल, तर दुसरा दिवस मागून घ्यावा), पूर्ण वेगात तापमान चढते का हे बघावे आणि तेलाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवावा. बोट पाण्याबाहेर काढल्यावर प्रोपेलरचा, म्हणजे बोट ढकलणाऱ्या पंख्याचा, दांडा हाताने हलवून पाहावा. तो बेअरिंगमध्ये खडखडत असेल, तर दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करून घ्यावा.