पोटातल्या बाळाचं रक्ताभिसरण मोठ्या माणसापेक्षा वेगळं कसं?

पोटात लेकरू श्वास घेत नाही, मग त्याला ऑक्सिजन कुठून मिळतो, असं विचारलंय. वारेतून, म्हणजे गर्भाशयाला चिकटलेल्या आणि नाळेनं बाळाशी जोडलेल्या अवयवातून (प्लासेंटा). आमच्या परभणीकडं बाळंतपण झालं की म्हाताऱ्या बाया आधी विचारतात, "वार पडली का?" नऊ महिने बाळाच्या फुप्फुसांचं काम तीच करते.

ताजी कापलेली नाळ नीट बघा, तीन तोंडं दिसतात: एक मोठी, पातळ भिंतीची शीर आणि दोन बारीक धमन्या. इथं शीर शुद्ध रक्त आणते, धमन्या अशुद्ध परत नेतात. मोठ्यांत असा उलटा प्रकार फक्त फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत असतो.

बाळाची फुप्फुसं द्रवानं भरलेली, म्हणून बरंचसं रक्त त्यांना वळसा घालतं. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला झडपेसारखं छिद्र असतं. शिवाय फुप्फुसधमनी आणि महाधमनी जोडणारी छोटी नळी. यकृत टाळणारी वाटही असते.

मला सगळ्यात विलक्षण वाटतो तो पहिला टाहो! हवा शिरते, फुप्फुसांत रक्त धावतं, डाव्या बाजूचा दाब वाढून ती झडप मिटते. नळी बहुधा 2-3 दिवसांत आकसते. सुमारे 25 टक्के मोठ्या माणसांत ते छिद्र पुरतं सांधलेलं नसतं, पण बहुतेकांना त्याचा त्रास होत नाही.